वरवंट्याचं बारसं

“पण आई, ती आली कुठून?”

ऋजुताने पुन्हा विचारलं. परदेशात कायदा शिकून ती नुकतीच वऱ्हाडात परतली होती. मठात एखादा पुरावा सापडेल, निदान प्रत्यक्ष पाहिलेलं कुणी भेटेल, असं तिला वाटलं होतं. भेटली ती सोनाई, मठाची वृद्ध तपस्विनी, सगळे तिला आईच म्हणत. ओसरीवर बसून तूर निवडत होती.

“पायरीवरून,” सोनाई म्हणाली.

“पायरीच्या आधी?”

“आधी अंधार होता माय. दिवा लावाले गेली, तं पोरगी रडत होती.”

ती पोरगी म्हणजे पौर्णिमा, जिची केस ऋजुताने घेतली होती. मठातच वाढली, बारावी झाली. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पण राष्ट्रीयत्वाचा दाखला दिला नाही, तर ती जागा जाणार होती. तहसीलमध्ये दर वेळी एकच विचारत: आईबाप कुठले?

“मी वरच्या कोर्टापर्यंत लढेन,” ऋजुता म्हणाली. “पण ती या देशाची आहे, हे कशावरून सांगू? तिचा जन्म तुम्ही कुणीच पाहिला नाही.”

“तुहा जन्म तू पाह्यला का?”

“माझ्याकडे दाखला आहे.”

“मंग बरं हाय.”

सोनाई पुन्हा तुरीकडे वळली…

संध्याकाळी तिने आतला पाळणा ओसरीच्या कड्यांना टांगायला लावला. वरवंटा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि ऋजुताला पाळण्यापलीकडे उभं केलं.

आरतीला आलेल्या बाया पदराआड हसल्या.

“आई, नुसत्या वरवंट्याचं बारसं? बाळ कोठी हाय?”

“बाळ बारावी झालं,” सोनाई म्हणाली.

आरतीचं ताट घेऊन उभी असलेली पौर्णिमाही हसली.

सोनाईने पाळण्याखालून गाठोडं पुढे केलं.

“गोविंद घ्या.”

ऋजुताचे हात आपोआप पुढे झाले. मावशीकडच्या बारशात पाहिलं होतं तसं तिने ते छातीशी धरलं, मग पाळण्यावरून परत पुढे केलं.

“गोपाळ घ्या.”

सोनाईने घेतलं नाही.

“इचारलं नाही तू,” ती म्हणाली.

“काय?”

“कोणाचं हाय.”

वरवंटा जड होता…

मग ऋजुताने बायांकडे पाहिलं.

“पौर्णिमाच्या बारशाला पाळण्यापाशी कोण होतं?”

“मी होती,” हौसाबाई म्हणाली.

“अन मह्या हातात कोणं देल्ली मंग? तुनंच ना?” दुसरी म्हणाली.

“थे रडे किती…”

सगळ्या एकदम बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋजुताने कोर्टाच्या अर्जाचा मसुदा बॅगेच्या तळाशी टाकला. आज तहसीलमध्ये एकटीने जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पौर्णिमाच्या बारशाला पाळण्यापाशी उभ्या राहिलेल्या साऱ्या बाया साक्ष द्यायला जीपमध्ये दाटीवाटीने बसल्या होत्या, मधे पौर्णिमा.

“आई, साहेब पुन्हा तेच विचारतील. आईबाप कुठले म्हणून,” ऋजुता म्हणाली.

सोनाईने लुगड्यात गुंडाळलेला वरवंटा तिच्या हातात ठेवला.

“आधी साहेबाच्या हाती दे. अन म्हण, गोविंद घ्या.”