छापील नाटकाची तालीम

अपडेट फ्लॉपीवर यायचे आणि कचेरीची नाटकं कँटीनमध्ये बसवली जायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात निकाल तोंडावर आला होता. संगणक सांभाळणारी वैजयंती पडवळ बिचकतच तालमीत शिरली. दिग्दर्शक होते खुद्द कुलसचिव टिपणीससाहेब.

"साहेब, नवा अपडेट आधी दोनच मशीनवर चालवून बघते. नीट चालला की एकेका खोलीत टाकू. सगळीकडे एकदम टाकला आणि बिघडला, तर निकाल अडकेल."

"पडवळबाई, मोठमोठ्या इंजिनिअरांनी तयार करून पाठवलाय तो! त्यांच्यावर विश्वास नाही तुमचा? आजच सगळीकडे टाका."

नटमंडळी हसली. पण साहेबांच्या हातातलं नाटकाचं पुस्तक दिसलं आणि वैजयंती बोलून गेली, "हे नाटकही मोठ्या लेखकानंच लिहिलंय, साहेब, छापूनसुद्धा आलंय. मग महिनाभर तालीम कशाला? थेट पडदाच उघडू या की!"

साहेब खदखदून हसले. "तुमची तालीम मंजूर, बाई. दोनच मशीन."

दुसऱ्या दिवशी त्या दोन्ही मशीनवर गुणपत्रिकेतली नावंच उमटेनात. बाकीच्या मशीनवर निकाल वेळेत लागला. संध्याकाळी साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले.

"पडवळबाई, आमचं कुठं अडणार ते तुम्हाला आधी कळेल. प्रॉम्प्टर व्हाल का?"