पन्नास की एक्कावन्न

“पन्नास की एक्कावन्न, तेवढं सांगा बाबा. मी निघतो.”

शद्रक ओसरीवर टेकलाही नव्हता. चर्चच्या म्हाताऱ्या तिमोथी पाळकांनी निवडायच्या शेंगांचं सूप थोडं सरकवून त्याला जागा करून दिली.

लेंतचे, म्हणजे उपवासाचे चाळीस दिवस चालू होते. घरोघर रोजचा शास्त्रपाठ होई. शद्रक सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकून आलेला. कुठल्या पंथाच्या मंडळीत कुठल्या दिवशी काय वाचतात, सगळं त्याच्या वहीत. रोमन, सिरियन, कोणी सुटलं नव्हतं. हुशारच होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्याच्या थोरल्या भावाला, अण्णाला, बायको कॅथलिक घरातली. तो सासऱ्यांच्या जुन्या पोथीतून वाचायचा. पश्चात्तापाचं स्तोत्र त्या पोथीत पन्नासावं, शद्रकच्या बायबलात एक्कावन्नावं. रविवारी प्रार्थनेत अण्णाने सगळ्यांसमोर “स्तोत्र पन्नास” म्हटलं, तर हा पटकन बोलून गेला, “अण्णा, आधी मोजायला शीक.”

लोक हसले. अण्णा पुस्तक मिटून घरी गेला. त्याला आठ दिवस झाले.

“दोन्ही बरोबर,” पाळक म्हणाले. “जुन्या पोथीत आधीची दोन स्तोत्रं एकत्र धरलीत.”

“ते ठाऊक आहे मला.”

“मग विचारायला कशाला आलास?”



शद्रकची नजर ओसरीच्या कोपऱ्याकडे गेली. अक्षरओळख नव्हती तेव्हा अण्णा त्याला इथेच मांडीवर घेऊन बसायचा. ओळीखालून बोट फिरवत वाचायचा. शद्रक अडखळला, की बोट तिथेच थांबायचं. कधी घाई नाही, कधी टपली नाही. कुठे गेले ते दिवस?

“आज अण्णाकडे पाठ कोणता?” पाळकांनी विचारलं.

वही न उघडता शद्रकने अध्याय सांगितला, वचनंही सांगितली.

“वा! आणि दिसतं का त्याला वाचायला? मोतीबिंदू फार वाढलाय म्हणतात.”

“...माहीत नाही, बाबा.”

पाळकांनी त्याच्या मांडीवरची वही उचलली आणि आपल्याजवळ ठेवून घेतली.

“मग आजचं वाचन राहिलंच की रे तुझं, अण्णाकडचं.”