घारीचे चांगले डोळे

पाखरांनाही वैद्य होता, त्या काळची ही गोष्ट. ओढ्याकाठचा बगळा दरवर्षी सगळ्यांचे डोळे तपासायचा. घार मात्र तिकडे फिरकायची नाही. “मला ढगातून उंदीर दिसतो, बगळेभाऊ! चांगले डोळे कशाला दाखवायचे?” असं म्हणून ती हसायची.

हळूहळू तिची नजर धूसर झाली. धुकंच फार पडतंय, अशी ती स्वतःची समजूत घालायची. एके दिवशी मोठ्या मायेने तिने पिल्लाच्या चोचीत साप भरवला.

“आई, ही तर दोरी आहे गं!” उपाशी पिल्लू रडवेलं झालं.

 दुसऱ्या सकाळी पिल्लाला पुढे घालून घार ओढ्यावर आली. बगळा तिच्याकडे वळताच म्हणाली, “माझे नंतर, भाऊ. आधी याचे बघा. याला अजून चांगलं दिसतंय.”