मोतकळीचं फूल

एका राज्यात देवीला मोतकळीचं फूल वाहायची रीत होती, आणि ते झुडूप उगवे फक्त समुद्रापलीकडच्या पाच बेटांवर. पडलेलं फूल देवीला चालत नाही, म्हणून राजाची माणसं कळी न् कळी खुडून आणत. झाडावर फूल राहीना, बी धरेना. होता होता चार बेटं उजाड झाली. बेटांचा राखणदार, मायावी तिमिंगल, कोपला. त्याने शाप दिला आणि राजपुत्र अरिंदम पायांपासून मिठाचा होऊ लागला. उतारा एकच, मोतकळीचं फूल.

राणी यशोमतीने नाव हाकारली. पाचव्या बेटावर एकच झुडूप उरलं होतं, त्यावर एकच फूल. शेजारच्या खडकावर एक पांढरी पाखरी बसली होती. ती बोलली,

"राणी, तीन कामं कर. तुझ्या वाट्याचं पाणी झुडपाला घाल. वाऱ्यापासून त्याला जप. आणि फुलाला हात लावू नकोस. बी धरली की ते आपोआप गळेल. तेच घेऊन जा."

"तोवर माझा अरिंदम वाचेल?"

"ते मला ठाऊक नाही."

राणीने पाणी घातलं. खडकांना शेला बांधून आडोसा केला. ही दोन कामं सोपीच म्हणायची! तिसऱ्याने मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. आता मीठ लेकराच्या कमरेला आलं असेल, आता छातीला... आईचा जीव तो! पाखरी खोटं बोलत असली तर? हात सारखा देठाकडे जाई. शेवटी तिने एका हाताने दुसरा गच्च धरून ठेवला.

फूल गळलं, तेही सुकून तपकिरी झालेलं. ते घेऊन राणी परतली तेव्हा मीठ हनुवटीला भिडलं होतं.

राजपुरोहित आडवे आले. "राणीसाहेब, हे पडलेलं फूल! कुमारांना याचा स्पर्श नको. खुडलेलं आणवू."

"व्हा बाजूला!" राणी कडाडली. "खुडून खुडूनच ही वेळ आणलीत."

तिने फूल मुलाच्या कपाळी टेकवलं. काहीच होईना. राणीने ते तसंच टेकवून धरलं. मग मानेवर तडा गेला आणि मिठाचे खडे भराभरा खाली पडू लागले.

"आई, पाणी दे ना," अरिंदम म्हणाला. राणी मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

राजाने दवंडी पिटवली, देवीला वाहायचं ते गळलेलंच फूल. पाचव्या बेटावरचं बी वाऱ्या-पाखरांबरोबर पसरलं आणि पाचही बेटं पुन्हा फुलली. देवी त्यावर रुसल्याचं काही माझ्या ऐकिवात नाही.