घाणकातळावरचा शनिवार

आवळशाच्या खाडीकडे उतरताना डाव्या हाताला जांभ्याचा जो उघडा कातळ लागतो, त्याला घाणकातळ म्हणतात. मधोमध कोरलेलं उखळ आहे, भोवती बैलाच्या खुरांनी झिजलेली गोल वाट आहे, आणि त्या वाटेवर एके ठिकाणी शेजारी शेजारी दोन खोलगट खुणा आहेत. पाहुण्यांना वाटतं, पाणी साचून पडल्या असतील. गावातल्या कोणाजवळ असं बोलू नये. त्या एका करड्या बैलाच्या गुडघ्यांच्या खुणा आहेत. आवळशात शनिवारी हिंदू काय, मुसलमान काय, कोणीच बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, त्या रिवाजाची सुरुवात या खुणांपाशी झाली असं सांगतात.

गोष्ट शाही अमलातली आहे. सुलतान कोणता, ते गावाला ठाऊक नाही आणि गावाचं त्यावाचून अडलंही नाही. सुलतान लांब होता, ठाणेदार जवळ होता, आणि जाच नेहमी जवळच्याचाच होतो. कातळावर तेव्हा हसाजी आवळसकराचा घाणा होता. हसाजी बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. त्याच्या पूर्वजांचं गलबत फार मागे याच किनाऱ्यावर फुटलं, म्हणे. माणसं पोहून वर आली, पोथ्या बुडाल्या. जे वाचले त्यांनी तेल गाळायचा धंदा धरला आणि जेवढा धर्म आठवत होता तेवढा पाळला. शनिवारी काम करायचं नाही, हे त्यांना पक्कं आठवत होतं. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे.

हसाजी स्वभावाने शांत होता असं त्याची बायको हन्नाबाईसुद्धा म्हणत नसे. पण त्याचं डोकं फिरायला कारणही होतं. दर नवा ठाणेदार आला की पहिला प्रश्न ठरलेला, 'तू कोण?' एकाने त्याला हिंदूंत धरलं. दुसऱ्याने सुंतेचं ऐकून मुसलमानांत धरलं. तिसऱ्याला काहीच कळेना, तेव्हा त्याने दोन्हींकडचे नियम हसाजीला लावून टाकले. बैल निदान डोळ्यांना ढापणी लावून फिरतो, हसाजीला उघड्या डोळ्यांनी त्याच वाटेवर फिरावं लागत होतं.

अशात बहराम बेग नावाचा नवा ठाणेदार आला. माणूस दुष्ट नव्हता, हेही गावात आवर्जून सांगतात. त्याला फक्त प्रत्येक वस्तू आपापल्या जागी लागे, आणि माणूसही. ईद तोंडावर आली होती, ठाण्याला तेल हवं होतं, आणि प्यादा भांडं घेऊन नेमका शनिवारी कातळावर आला. घाणा बंद, हसाजी ओटीवर स्वस्थ बसलेला.

"उद्या ये," हसाजी म्हणाला. "आज शनवार हाय."

प्याद्याने ठाण्यात जाऊन सांगितलं की तेली सरकारला तेल देत नाही. झालं. हसाजीला चावडीवर बोलावणं आलं. ठाणेदार मध्ये बसला होता, शेजारी काजी फखरुद्दीन. हा काजी म्हातारा होता, शिकलेला होता आणि आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं ऐकून पार कंटाळलेला होता.

"तुझा दीन कोणता?" ठाणेदाराने विचारलं.

"बेने इस्राएल."

"ते काय असतं? हिंदू आहेस?"

"नाय."

"सुंता करता?"

"करतो. पोर आठ दिवसाचा झाला की."

"डुक्कर खातोस?"

"नाय."

"देव किती?"

"एक."

ठाणेदाराचा चेहरा एकदम खुलला. हरवलेली शेळी गोठ्यात सापडावी तसा तो म्हणाला, "अरे, मग तू मुसलमानच की!" आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या कपाळाला आठी पडली. मुसलमान, तर हा शुक्रवारी मशिदीत का दिसत नाही? दीन सोडलेल्या माणसाला शाहीत माफी नव्हती. हसाजी चावडीत शिरला तो तेल न दिल्याचा गुन्हेगार होता, आणि पाच उत्तरं खरी दिल्यावर तो त्याहून फार मोठा गुन्हेगार ठरायला आला होता.

काजीने त्यातल्या त्यात वाट काढायचा प्रयत्न केला. ज्यांच्याकडे देवाची किताब आहे, त्यांना शाहीत आपल्या धर्माने राहायची मुभा असते, त्याने समजावलं. किताब दाखव आणि घरी जा.

"किताब बुडाली," हसाजी म्हणाला. "गलबत फुटलं तवा."

"किती सोयीचं गलबत," ठाणेदार म्हणाला.

"सोयीचं? आमची मानसं मेली त्यात!"

काजीने हात वर करून दोघांना थांबवलं. मग या तेल्याचा धर्म वेगळा आहे याला साक्ष हवी. हसाजी म्हणाला, मी सांगतो की. काजीने मान हलवली. बिगरमुसलमानाची साक्ष इथे धरता येत नाही. "तू मुसलमान असतास तर तुझी साक्ष धरली असती," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ध्यानात येऊन स्वतःच चपापला. हसाजीने वर आढ्याकडे पाहिलं.

गाव मदतीला धावलं, आणि मदतीनेच घात केला. उस्मान नाखवा हसाजीचा लहानपणापासूनचा दोस्त. मुसलमान असल्यामुळे त्याची साक्ष चालणार होती. तो छाती पुढे काढून उभा राहिला आणि म्हणाला, "हुजूर, हसाजी सोन्यासारका मानूस. कुनी त्याला परका म्हनू नये. आमच्यासारकाच हाय, अगदी आमच्यातला!" हसाजीने कपाळाला हात लावला. ते पाहून पोसू पाटील घाईघाईने पुढे झाला. "नाय, सरकार, नाखव्याला काय कळतं? हसाजी आमच्यातला. होळीला लाकडं देतो, लग्नात हळद लावतो." दोघे चावडीतच एकमेकांशी भांडायला लागले, आणि दोघांच्याही मनात हसाजीबद्दल माया सोडून दुसरं काही नव्हतं. नको त्या वेळी आलेली माया वैऱ्यापेक्षा जड जाते.

"मला असा साक्षीदार हवा," ठाणेदार कातावून म्हणाला, "जो तुझा दोस्त नाही आणि ज्याला खोटं बोलता येत नाही."

हसाजीचा तोल गेला. "मंग जा नि माज्या बैलाला इचारा! त्यालाबी शनवार कळतो. तुमालाच तेवडा कळत नाय!"

तो रागाच्या भरात बोलला होता. पण काजीने डोळे मिटून विचार केला आणि मान डोलावली. जनावराला ना दीन, ना दोस्ती, ना खोटं. येत्या शनिवारी ठाण्याची माणसं बैल घाण्याला जुंपतील. बैल थांबला, तर यांच्या घरात शनिवार खरोखर पाळला जातो असं धरू. बैल चालला, तर पुढच्या शुक्रवारी हसाजीने मशिदीत रांगेत उभं राहायचं, नाही तर बायकोला घेऊन मिळेल त्या गलबतात बसायचं. त्याहून वाईट काय होऊ शकतं, ते काजीने तोंडाने उच्चारलं नाही.

घरी हन्नाबाईने ऐकलं आणि हातातलं सूप खाली टाकलं. "तोंड हाय का घान्याची लाकडी लाट? एकदा सुटली की फिरतच ऱ्हाते! आन् साक्षीदार कोन काडलास, तर करड्या?"

तिचं बरोबर होतं. करड्या बैल भला होता, पण पक्का खादाड होता. खोबऱ्याची पेंड दाखवली तर कोणाच्याही मागून, कोणत्याही वारी, पार घाटमाथ्यापर्यंत गेला असता. त्याने आजवर शनिवार पाळला तो हसाजीने जुंपला नाही म्हणून. आता जुंपणारे दुसरे होते, आणि त्यांच्या हातात पेंड असणार होती.

शुक्रवारी दुपारी उस्मान नाखवा ओशाळल्या तोंडाने आला. चावडीतली चूक त्याला खात होती. बैलाच्या खुरात काटा रुतवू, तो म्हणाला, म्हणजे चालणारच नाही. खरं सांगायचं तर हसाजीच्याही मनात तेच येऊन गेलं होतं. हन्नाबाईने मात्र दोघांना धुऊन काढलं. "ज्या दिवसासाठी येवडं भांडतोस, त्याच दिवशी फसवनार? आन् मुक्या जनावराला दुकवून? मंग जा की मशिदीत, तितं तरी खरं बोलशील!" सूर्य कलला, तसं तिने शनिवारचं जेवण झाकून ठेवलं आणि चूल विझवली.

शनिवारी सगळं गाव कातळावर लोटलं. प्याद्यांनी करड्याला जुंपलं, डोळ्यांना ढापणी बांधली आणि पाठीवर थाप मारली. करड्या उभा. मग त्याच्यापुढे पेंड धरली. हसाजीने डोळे घट्ट मिटून घेतले. करड्याने मान पुढे केली, पेंड खाल्ली, सावकाश रवंथ केलं, आणि पुढचे गुडघे मोडून जागच्या जागी बसला. गावात हशा पिकला.

तो हशा ठाणेदाराला झोंबला. "शिकवलेला आहे," तो ओरडला. "उठवा त्याला." आसूड आला. पहिल्या फटक्यांना करड्याच्या अंगावर नुसता शहारा आला. मग वळ उठले, मग वळ फुटले. बैल हंबरत होता, मान कातळाला टेकवत होता, पण उठत नव्हता. मशिदीची रांग, गलबत, घाणा, सगळं हसाजीच्या डोक्यातून निघून गेलं. त्याला फक्त ते हंबरणं ऐकू येत होतं. तो प्याद्यांना ढकलून आत घुसला, बैलाच्या गळ्यात पडला आणि रडत ओरडला, "ऊठ रं बाबा! चाल! म्या सांगतो ना, मी हरलो, चाल तू! मी जातो मशिदीत, पन तू ऊठ!"

आपल्याला भरवणाऱ्या, न्हाऊ घालणाऱ्या धन्याचा आवाज बैलाने ऐकला. त्याने हसाजीचा हात चाटला. उठला मात्र नाही. तेव्हाच त्याच्या गुडघ्यांखालचा जांभा लोण्यासारखा दबला, असं सांगतात.

काजी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बस करा." धनीच हरायला तयार झाला आणि तरी साक्षीदार फिरला नाही, यापेक्षा मोठी साक्ष त्याने उभ्या हयातीत पाहिली नव्हती. त्याने तिथेच निवाडा दिला. हे लोक किताबवाले आहेत, किताब बुडालेली असली तरी. त्यांनी आपल्या शनिवारी खुशाल बसावं. मग कायद्याप्रमाणे बाकीचंही त्याला सांगावं लागलं. नवं प्रार्थनाघर बांधायचं नाही, मुसलमानापेक्षा उंच घर उठवायचं नाही, घोड्यावर बसायचं नाही, आणि चावडीत साक्ष धरली जाणार नाही.

"म्हंजे माजी?" हसाजीने विचारलं. त्याचे हात बैलाच्या रक्ताने भरले होते. "माज्या बैलाची साक्ष चालली, आन् माजी अजूनबी नाय?"

काजीने मान खाली घातली. कायद्यातलं उत्तर त्याला पाठ होतं, पण ते द्यायची त्याला लाज वाटली. तो लवकरच आपलं पद सोडून गेला, असं म्हणतात. करड्या वाचला, पण पुढे जन्मभर लंगडत चालला.

एवढ्यावर गोष्ट संपायला हवी होती. पण बहराम बेगाची बदली झाली, नवा ठाणेदार आपल्या नव्या प्याद्यांसकट आला, आणि त्याने पहिल्याच दिवशी विचारलं, "इथे शनिवारी बैल न जुंपणारा कोण एक तेली आहे म्हणे. त्याचा दीन कोणता?" ज्याचा बैल बसलेला तोच तेली, अशी खूण धरून प्यादे शनिवारी त्याचं घर शोधत येणार, ही बातमी गावात पोचली. हन्नाबाईने डोक्याला हात लावला. हसाजीला तर बोलायचाही कंटाळा आला होता. तो लंगड्या करड्याशेजारी कातळावर जाऊन बसला आणि वाट पाहू लागला.

चिखलणीचे दिवस होते. भाताच्या खाचरांत एक दिवस जाणं म्हणजे वर्षाच्या पोटाला चिमटा. त्या सकाळी पोसू पाटलाने नांगर बांधाला टेकवून ठेवला आणि बैल गोठ्यासमोर बसवले. उस्मान नाखव्याने आपली गाडी उभी करून बैल सोडले. त्यांचं पाहून आणखी कोणी, मग आणखी कोणी. चावडीत बोलून केलेला घोळ त्यांना गप्प राहून निस्तरायचा होता. प्यादे खालच्या आळीत आले, तर बैल बसलेले. वरच्या आळीत गेले, तर तिथेही बसलेले. मशिदीच्या मागे बसलेले, देवळापुढे बसलेले. "यातला तेल्याचा बैल कोणता?" त्यांनी विचारलं. कोणीच बोललं नाही. फिरून फिरून प्यादे ठाण्यात परत गेले, आणि ठाणेदाराने वैतागून तो विषयच सोडून दिला.

हसाजी वरून हे सगळं पाहत होता. त्या दिवशी कोणी त्याच्याकडे साक्ष मागितली नाही की किताब मागितली नाही. तोंडाळ म्हणून उभ्या गावात प्रसिद्ध असलेला तो माणूस दिवेलागणीपर्यंत एक अक्षर बोलला नाही, नुसता बैलाच्या मानेवरून हात फिरवत रडत राहिला.

शनिवार तेल्यांची घरं आता आवळशात उरली नाहीत. शेवटचं कुटुंब दूर इस्राएलला गेलं, त्यालाही पुष्कळ वर्षं झाली. गावात बैलही थोडेच राहिले, बाकी ट्रॅक्टर आले. पण आजही शनिवारी आवळशात जू खाली असतं आणि ट्रॅक्टर झाकलेले असतात. पाहुणे हटकून विचारतात, आता इथे त्यांच्यातलं कोणीच नाही, मग हे पाळता तरी कोणासाठी? गावातल्या म्हाताऱ्यांना हा प्रश्न मुळीच आवडत नाही. ते पाहुण्यांना कातळाशेजारच्या सावलीत बसवतात, पाणी देतात, आणि चिडून सांगतात, "अहो, कोण कोणाचा ते विचारायचं नाही, म्हणून तर पाळतो."