राजकन्येच्या पापण्या

एक होती राणी. कमलजा तिचं नाव. चार शास्त्रं शिकलेली, सहा भाषा बोलणारी. पण पाच वर्षांच्या लेकीला एक गोष्ट कशी सांगावी, ते काही तिला येत नव्हतं बरं का.

झालं होतं असं, की राणीला मोठं दुखणं लागलं. वैद्यांनी जालीम औषध दिलं. पहिल्या घोटाला ओकाऱ्या, दुसऱ्याला ताप, तिसऱ्याला केस गळाले. गुडघ्यापर्यंतचे केस, उशीवर नुसते पुंजके! मग राजवाड्यात कुजबुज सुरू झाली. लेक बकुळी आली, की सगळे चिडीचूप.

मग एक दिवस बकुळीनं डोळे मिटले, ते उघडेचनात.

राजा आला. म्हणाला, "उघड गं. आईला काही म्हणजे काही झालेलं नाही." खट्! पापण्यांना कडी लागली.

मग दाई भागाबाई आली. "आईसाहेब माहेरी गेल्यात, बाळ. येताना लाडू आणतील." आणि नेमकी तेव्हाच शेजारच्या दालनात राणी ओकली. कडीला कुलूप बसलं.

मग राणीच उठली. वाटेत तिनं तीन भाषणं जुळवली आणि दाराशी पोचेतो तिन्ही विसरली. लेकीशेजारी मटकन बसली.

"का गं मिटलेस डोळे?"

"माझी दृष्ट लागली तुला. आईचेच का लांब केस, माझे का नाहीत, असं म्हटलं मी. मग ते गळालेच. आता मी तुझ्याकडे बघणारच नाही."

राणीनं तिला कुशीत ओढलं.

"अगं वेडाबाई, केस औषधानं गेले. मला कर्करोग झालाय. तो दृष्ट लागून होत नाही, जवळ बसून होत नाही. तुझ्यामुळे तर नाहीच नाही."

कुलूप गळून पडलं. एक डोळा उघडला.

"तू मरणार?"

भागाबाई मागून खुणा करू लागली, नाही म्हणा, नाही म्हणा! राणीच्या जिभेवरही तेच आलं होतं. तिनं ते गिळलं.

"मला मरायचं नाहीये. म्हणून तर ते घाणेरडं औषध पितेय. पुढचं मला माहीत नाही, बकुळे. कळेल ते तुला सांगेन. मला उठवेनासं झालं, की बाबा तुझी वेणी घालतील."

"बाबांना येत नाही."

"शिकतील."

मग दुसरा डोळा उघडला. बकुळीनं आईच्या डोक्यावरचा पदर सरकवला. नीट बघितलं, हात फिरवला.

"कलिंगड," म्हणाली. राणीला हसू आवरेना. मग दोघी रडल्याही थोड्या.

पुढे राणी बरी झाली का? त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण कुजबुज थांबली. मायलेकींनी एका ताटात मऊ भात खाल्ला, आणि सगळा राजवाडा सुखानं निजला.

तुम्हीही पडा आता. काही विचारायचं राहिलं असेल, तर मी जागीच आहे.