दावं सोडवून घेतलेल्या फोनची कहाणी

ऐका गौराईबाई, तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. हातातले फोन पालथे घाला, कहाणी संपेपर्यंत उलटू नका.

एक नगर होतं. आटपाट नव्हतं, तालुक्याचं होतं. एसटी स्टँड अन् मंगळवारचा बाजार, एवढंच त्याचं वैभव. तिथं मंजुळा नावाची एक शिंपीण राहायची. गौरींच्या तयार साड्या शिवायची. निऱ्या घातलेल्या, पदर टाचलेला, काठ बसवलेला. मुखवट्याखाली बसवली, नाडी ओढली, की गौर उभी. हात सोन्यासारखा. पण साड्या विकायच्या फोनवर, अन् तिचा फोन होता स्वस्तातला. त्याला रंग कळायचा नाही. समोर अंजिरी धरली की विटकरी दाखवायचा. मोरपंखी धरली की नुसती निळी. मग गिऱ्हाईक म्हणायचं, "ताई, मी विटकरी मागवली, हे जांभळं काय पाठवलंत?" साडी परत.

एकदा परत आली, मंजुळेनं घडी घालून ठेवली. दुसऱ्यांदा आली, मंजुळा रडली. तिसऱ्यांदा आली, तेव्हा शहरातल्या पद्माकाकूंचा फोन आला. काकूंचं पूजेच्या सामानाचं मोठं दुकान. म्हणाल्या, "मंजुळा, शिवण तुझी पसंत आहे. पण रंग चुकला की शिव्या मी खाते. श्रावणातला शेवटचा सोमवार यायच्या आत सगळ्या साड्यांचे खरे फोटो पाठव. खरे आले तर यंदा गौरींना तुझाच माल लावीन. नाही आले तर दुसरी शिंपीण बघीन."

मंजुळेचं वर्षाचं पोट गौरींवर. गौरी गेल्या की घर गेलं.

नवरा सोपान म्हणाला, "नवा घेऊ, हप्त्यानं." दुकानात गेली. परवडेल असा एक नवा निघाला. पाठीवर कॅमेऱ्याचे चार डोळे, अन् चारहींत मोतीबिंदू. तिनं अंजिरी चिंधी धरली, फोननं विटकरी दाखवली. ज्याला रंग कळत होता, त्याची किंमत ऐकून सोपान दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला.

मग मंगळवार आला. बाजारात एक फोनविक्या चादर टाकून जुने फोन घेऊन बसायचा. त्यानं एक काळा फोन पुढं केला. म्हणाला, "वहिनी, हा बड्या घरचा. चार वर्षांचा आहे, पण नवा होता तेव्हा ह्याच्या किमतीत गाय आली असती. आता वासराच्या भावात देतो." तिनं अंजिरी चिंधी धरली, अंजिरीच आली. मोरपंखी धरली, मोरपंखीच आली. मंजुळेच्या मनात हर्ष मावेना. कुणाचा होता विचारलं नाही. का विकला विचारलं नाही. कानातली मोडली, फोन घेतला, घरी आली.

घरी येऊन आपलं सिमकार्ड घातलं, इंटरनेट चालू केलं. घटकाभरात फोन काळा पडला. वर अक्षरं आली: हा फोन हरवलेला आहे, ह्या नंबरवर कळवा. बाकी काही होईना. दाबला, घासला, बंद करून चालू केला. दगड तो दगडच.

थोरली जाऊ सिंधू दारात होती. म्हणाली, "फोटो काढ ना आता. माझाच काढ, माझी कानातली आहेत अजून."

सोपान म्हणाला, "स्टँडवर एकजण आहे, कुलूप तोडून देतो."

जाऊ म्हणाली, "नाहीतर काच विक, आतलं विक. कानातल्यांतलं एक तरी सुटेल."

मंजुळेनं फोन पदरात बांधला अन् पुढच्या मंगळवारी विक्याला धरायला निघाली. चादरीच्या जागी कोथिंबीरवाली बसलेली. तिला विचारलं तर म्हणाली, "असले दोनदा एका जागी बसत नाहीत बाई."

मंजुळा फिरत फिरत जनावरांच्या बाजारात गेली. तिथं चिंचेखाली एक म्हातारा म्हैस घेत होता. आधी म्हशीचे दात बघितले. मग स्वतः बसून धार काढली. मग तिला चालवली, पाय बघितले. मग सौदा केला. अन् शेवटी तिच्या गळ्यातलं जुनं दावं सोडायला लावलं विकणाऱ्याला, स्वतःचं नवं दावं बांधलं. जुनं दावं ज्याचं त्याच्या हातात दिलं.

मंजुळेनं विचारलं, "बाबा, हा कसला वसा वसताय?"

म्हातारा म्हणाला, "वसा कसला? म्हैस घेतोय."

"मग दावं का बदललं? चांगलं होतं की."

म्हातारा खेकसला, "चांगलं होतं, पण त्याचं होतं. त्याचं दावं गळ्यात राहिलं तर दिवेलागणीला ही त्याच्याच दारात जाऊन उभी राहील. मी इकडं चरवी घेऊन बसीन."

मंजुळेनं पदरातला फोन काढून दाखवला. झालं ते सांगितलं. म्हाताऱ्यानं फोन हातात घेतला नाही.

मंजुळा म्हणाली, "बाबा, मला तुमचा वसा सांगा."

"तुला कशाला? उतशील, मातशील, चकाकी दिसली की विसरशील."

"उतत नाही, मातत नाही, विसरत नाही."

मग म्हाताऱ्यानं सांगितलं, "जुनं घ्यायला लाजू नये. पण पाच सवाल केल्याशिवाय घेऊ नये. दात बघावे, किती वर्षं उरलीत. धार बघावी, किती देते. पाय बघावे, कुठं पडलीय का. दावं बघावं, सुटलंय का. अन् पाचवा सवाल आपल्या जिवाला करावा, की ह्यातलं एक जरी खोटं निघालं तर मी रिकाम्या हातानं उठून जाईन का? पहिले चार कुणीही करतं. पाचव्याला सगळे आपटतात."

"अन् आधीच आपटलेलीनं काय करावं?"

"ज्याचं दावं त्याच्या दारात नेऊन बांधावं. दुसरं काय?" एवढं बोलून म्हातारा म्हैस घेऊन चालू लागला. काहीजणी म्हणतात, तो शंकर होता. शंकराला म्हैस कशाला लागते, हे त्या सांगत नाहीत.

मंजुळा घरी आली. सोपानच्या फोनवरून त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. "कोण? काय विकताय?"

"विकत नाही. तुमचा फोन माझ्याकडे आहे. आणून देते."

पलीकडं लीलावती सिस्टर. सरकारी दवाखान्यात जन्मभर सुया टोचून निवृत्त झालेल्या. पत्ता सांगितला, तीन गावं पलीकडचा.

जाऊ म्हणाली, "जा. चोर म्हणून बसवतील चौकीत. साड्या मी शिवू का तोवर?"

सोपान म्हणाला, "मंजे, पैसे गेले, आता इज्जत तरी ठेव."

मंजुळा म्हणाली, "तीच राखायला चाललेय." पिशवीत अंजिरी चिंधी टाकली अन् पहिली एसटी धरली.

सिस्टरनी दार उघडलं. आधी फोन बघितला, मग हिला बघितलं. म्हणाल्या, "चोरीचा माल घेतलास."

"घेतला. विचारलं नाही, तिथं चुकलं. हा घ्या तुमचा."

सिस्टरनी परवलीचा शब्द घातला. दगडाला जीव आला. वर सिस्टरच्या यजमानांचा फोटो होता, आरामखुर्चीत, पेपर उघडून झोपलेले. सिस्टरनी फोटो न्याहाळला. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "ह्यांचे हे फोटो दुसरीकडे कुठंच नव्हते. चहा घेतेस ना? दूध जास्त घालते, तू वाळलीयेस."

चहा झाला. मंजुळेनं सगळी हकीकत सांगितली. शेजारच्या पोरीकडून सिस्टरनी फोटो आपल्या नव्या फोनमध्ये उतरवून घेतले. मग काळा फोन पुढं सरकवला. "लेकानं मला नवा घेऊन दिलाय. हा तू ने."

मंजुळेचा हात पुढं झाला. मग तो तिनं मांडीखाली दाबला. म्हणाली, "सिस्टर, किती वर्षं अजून ह्याला कंपनीचे अपडेट येणार?"

"काय?"

"अन् बॅटरी किती टिकते? कधी पडलाय का, उघडलाय का?"

"अगं, मी फुकट देतेय, अन् तू माझी चौकशी करतेस?"

"फुकट नकोच मला. दरवर्षी तुमच्या गौरींना साडी शिवीन, तो ह्याचा मोबदला. पण सवाल करीन, अन् खोटं निघालं तर उठून जाईन."

सिस्टर आधी तापल्या. मग हसल्या. सेटिंग उघडून एकेक दाखवलं. अपडेट अजून तीन वर्षं येणार. एकदा पडलेला, काच कंपनीतच बदललेली, पावती होती. बॅटरी मात्र थकलेली, दुपारी मान टाकायची. मंजुळा म्हणाली, "बॅटरी बदलता येते. कॅमेरा बदलता येत नाही." अंजिरी चिंधी धरली. अंजिरीच आली.

"आता दावं सोडा," मंजुळा म्हणाली.

"कसलं दावं?"

"तुमचं नाव. तुमच्या हातानं."

सिस्टरनी आपलं नाव काढलं, परवलीचा शब्द पुन्हा घातला, सगळं पुसलं. फोन पांढरा झाला अन् नुकत्या जन्मलेल्यासारखं विचारू लागला, भाषा कोणती, नाव काय. मंजुळेनं आपलं नाव घातलं.

घरी आली, बॅटरी बदलून घेतली. मग खिडकीतल्या उजेडात साड्या मांडल्या. अंजिरी अंजिरी आली, विटकरी विटकरी आली, मोरपंखी तर अशी आली की जाऊ म्हणाली, "ही मला ठेव." शेवटच्या सोमवारच्या आत फोटो गेले. काकूंचा निरोप आला, "सगळ्या पाठव." त्या वर्षी एकही साडी परत आली नाही. कानातली पुन्हा घडली.

पुढच्या वर्षी नवा फोन निघाला. सोपान म्हणाला, "आता ऐपत आहे, घे." मंजुळा म्हणाली, "ह्याला रंग दिसतात ना?" त्याच्या पुढच्या वर्षी आणखी नवा निघाला. मंजुळा म्हणाली, "दिसतात अजून." तिसऱ्या वर्षी कंपनीनं अपडेट बंद केले. तेव्हा तिनं दुसरा घेतला. तोही जुना, तोही बड्या घरचा, पाच सवाल करून. त्याआधी दोन ठिकाणांहून रिकामी उठून आली, अन् त्यातला एक फोन फार देखणा होता.

मग काळा फोन घ्यायला एक पोरसवदा रांगोळीवाली आली. फोन बघून डोळे चमकले. पैसे लगेच काढले अन् म्हणाली, "मावशी, द्या."

मंजुळेनं फोन मागं ओढला. "बस आधी. विचार मला."

"काय विचारू?"

"अपडेट येतात का विचार. मी सांगते, येत नाहीत. म्हणून ह्यात बँकेचं काही करायचं नाही, रांगोळ्यांच्या फोटोंपुरता ठेवायचा. आता बॅटरीचं विचार. मग पडलाय का विचार. अन् उठून जायची तयारी ठेव. त्याशिवाय मी विकत नाही."

पोरीनं एकेक विचारलं. मंजुळेनं एकेक खरं सांगितलं. ऐकून पोर क्षणभर खरंच उठली, दारापर्यंत गेली, विचार केला, अन् परत येऊन बसली. म्हणाली, "फोटोंपुरता हवाय. आता दावं सोडा, मावशी."

मंजुळेनं आपल्या हातानं आपलं नाव काढलं.

जशी मंजुळेची वस्तू तिच्या नावाची झाली, तशी तुमची आमची होवो. जसा तिला रंग खरा दिसला, तसा तुम्हां आम्हां दिसो. जुनं घ्यायला लाजू नका, विचारायला भिऊ नका, रिकाम्या हातानं उठायला कचरू नका. ही साठ सवालांची कहाणी, पाच सवालांत सुफळ संपूर्ण. घ्या आता फोन हातात.